बंबवाल्याची कंबर

अग्निशमन सेवेत शिरू इच्छिणाऱ्या उमेदवारासाठी महाराष्ट्रात जी शारीरिक अर्हता ठरलेली आहे, तिच्यात उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६ सेंटिमीटर, आणि वजन किमान ५० किलो असावे, असे आकडे आढळतात. आणि यांपैकी पहिले दोन निसर्गाने ज्याला दिले, पण तिसरा घरच्या भाकरीवर जो कमावू शकला नाही, असा एखादा होतकरू तरुण मोजणीच्या दिवशी पहाटे अर्धा डझन केळी आणि तांब्याभर पाणी पोटात ढकलून काट्यावर उभा राहतो, हा भरतीच्या मैदानांवरचा सर्वपरिचित शिरस्ता आहे. केळी खानदेशात दुर्मीळ नाहीत. काटा पन्नासला टेकतो, कारकून आकडा मांडतो, उमेदवार सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि त्या क्षणी त्या कलमाचा आणि त्या माणसाच्या वजनाचा संबंध संपुष्टात येतो. कारण कलमात शब्द आहे तो ‘किमान’ हा. हाच तरुण पंधरा-वीस वर्षांनी ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा आणि कमरपट्ट्यावरून ओघळणाऱ्या पोटाचा धनी होऊन त्याच बंबावर बसलेला दिसला, तरी अर्हतेच्या दृष्टीने तो निर्दोषच ठरतो. त्याची छाती अजूनही फुगते.

बंब हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून आपल्याकडे आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. गंमत अशी की न्हाणीघरात पाणी तापवणारा तांब्याचा बंब आणि आगीवर पाणी मारणारा लाल बंब ही दोन परस्परविरोधी कामांची यंत्रे मराठीने एकाच नावाखाली नांदवली. आणि अग्निशामकाच्या आयुष्याचे चित्र काढायचे झाले तर मला लाल बंबापेक्षा न्हाणीघरातला बंबच अधिक जवळचा वाटतो. पोटात निखारा घेऊन, वरून थंड दिसत, कोपऱ्यात दिवसभर तो वाट पाहत उभा असतो. अग्निशामकाची नोकरी ही आग विझवण्याची नोकरी आहे, असे आपण समजतो. तासांचा हिशेब मांडला तर ती प्रामुख्याने वाट पाहण्याची नोकरी आहे. आणि त्याच्या कमरेभोवती जो मेद साठतो, त्याचे मूळ त्याच्या जिभेत शोधण्याआधी या वाट पाहण्यात शोधावे, असे सुचवण्यासाठी हा लेख आहे.

नंदुरबार जिल्ह्यात बसून स्थूलतेवर लिहावे, यात प्रथमदर्शनी थोडे औद्धत्य आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला; मधून तापी, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे सीमेवर नर्मदा; सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास वस्ती आणि त्यात दर दहांत सात माणसे आदिवासी. वर्तमानपत्रांतून या जिल्ह्याचे नाव बहुधा कुपोषणाच्या संदर्भात झळकते, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील बालकांची वजने विधिमंडळात वाचली जातात, आणि त्यामुळे येथे कुणाचे पोट सुटले तर ती तक्रारीची नव्हे, कौतुकाची बाब ठरते. ‘नोकरी मानवली’ असे आपण म्हणतो. ‘अंगाने भरला’, ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे आपल्याकडचे प्रशस्तिपत्र आहे. पोटासाठी माणूस नोकरी धरतो आणि नोकरी त्याला पोट देते, यात सासुरवाडीला तरी काही वावगे वाटत नाही.

आता या जिल्ह्यातील आगीचे स्वरूप पाहावे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन हे काम नगरपालिकांच्या यादीत घातलेले आहे. येथे नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या चार पालिका. पण आग काही पालिकेची हद्द पाहून लागत नाही, त्यामुळे शहरासाठी ठेवलेल्या बंबाला आजूबाजूच्या शेकडो गावांच्या वर्द्या घ्याव्या लागतात. नंदुरबारच्या शिवारात मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि त्यांतली एखादी पेटली तर आग विझल्यावरही मिरची विझत नाही. जिनिंगमधला कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत दोन दोन दिवस धुमसत राहतो. उभा ऊस, कडब्याची गंजी, कुडाचे घर, हे सारे फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, जेव्हा पारा चढत चढत बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हाच, पेट घेण्यास उत्सुक असते. तळोद्याहून धडगावच्या बाजूला जायचे तर चांदसैलीचा घाट चढावा लागतो. भरलेल्या टाकीनिशी बंब त्या वळणांवरून किती वेगाने जाईल याचा अंदाज वाचकाने करावा. आणि तेवढा वेळ आतली माणसे काय करत असतात, असे कुणी विचारले तर उत्तर साधे आहे: बसलेली असतात.

हे बसणे जवळून पाहण्यासारखे आहे. कोणत्याही लहान पालिकेच्या अग्निशमन केंद्रात दुपारी तीनच्या सुमारास डोकावावे. शेडखाली बंब उभा, टाकी काठोकाठ, चावी जागेवर. भिंतीच्या खुंट्यांवर हेल्मेटे. खाली गमबूट अशा बेताने मांडलेले की धावत येऊन पाय घातला की निघता यावे. होजची वेटोळी रॅकमध्ये. टेबलावर दूरध्वनी, त्याच्याशेजारी वर्दीची नोंदवही, आणि त्या दोहोंना पुरेल अशा अंतरावर एक खुर्ची, जिची वेताची बैठक मध्यभागी खोल गेलेली आहे. मस्टरवर सही, गाडी धुणे, पंप सुरू करून पाहणे, ओले होज वाळत घालणे ही सकाळची कामे दहाच्या आत उरकलेली असतात. त्यानंतर काय? त्यानंतर वर्दी येईपर्यंत काही नाही. आणि वर्दी पाच मिनिटांनी येईल की पाच दिवसांनी, हे सांगणारा ज्योतिषी अद्याप कुठल्याही पालिकेच्या आकृतिबंधात मंजूर झालेला नाही.

या रिकाम्या वेळाला रिकामटेकडेपणा म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांत पालिकेच्या सभेत बोलणारे सदस्यही असतात. ते चुकतात. विश्रांती घेणारा माणूस स्वतःचा मालक असतो. वाट पाहणारा माणूस दूरध्वनीचा बांधील असतो. त्याला फेरफटका मारायला दूर जाता येत नाही, कारण निघण्याला उशीर होईल. अंगातून घाम निघेपर्यंत व्यायाम करावा तर आगीसाठी दम राखून ठेवण्याचा विचार आडवा येतो. झोपावे तर गाढ झोपता येत नाही. उरते ती खुर्ची, दूरचित्रवाणी, हातातला मोबाइल आणि चहा. त्यात लहान पालिकेत मनुष्यबळ बेताचे असल्याने याच माणसांना उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवर, मंत्रिमहोदयांचे हेलिकॉप्टर उतरायचे असले की हेलिपॅडवर, आणि नंदुरबारात दादा आणि बाबा या दोन गणपतींची ‘हरिहर भेट’ व्हायची असते त्या रात्री विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्तात तैनात व्हावे लागते. आणि तेथेही त्यांचे काम बहुतांशी गाडीजवळ उभे राहण्याचे किंवा गाडीत बसण्याचेच असते.

बसण्याचा आणि कमरेचा संबंध शास्त्राने प्रथम जिथे पकडला ती कथा येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवर साधारण एकाच सामाजिक थरातली दोन माणसे असत: चालक, जो पाळीभर आसनावर खिळलेला, आणि वाहक, जो तिकिटे फाडत दिवसातून शेकडो पायऱ्या चढे-उतरे. जेरी मॉरिस नावाच्या वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की हृदयविकाराचे प्रमाण चालकांत वाहकांपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे. पण मला त्याहून अधिक मोहवतो तो त्यांचा १९५६ चा उपद्व्याप. या मंडळींनी गणवेश पुरवणाऱ्या खात्याच्या दप्तरातून विजारींची मापे काढली आणि वयोगटांप्रमाणे लावून पाहिली. प्रत्येक वयोगटात चालकांच्या विजारीची कंबर वाहकांच्या कमरेहून मोठी निघाली. शिंप्याच्या वहीतून वैद्यकशास्त्र काढण्याचा हा प्रकार मला अस्सल वाटतो. मुळातलेच थोराड लोक चालकाच्या जागेकडे वळत असावेत, ही शंकाही त्याच मापांतून निघाली आणि ती त्या मंडळींनी झाकून ठेवली नाही. तरी पुढच्या सत्तर वर्षांच्या संशोधनाने मूळ मुद्दा ढळू दिलेला नाही. आपल्या बंबावर चालक आणि यंत्रचालक हा बहुधा एकच इसम असतो. तो गाडी चालवत जातो आणि आगीपाशी पोहोचल्यावर पंपापाशी उभा राहतो. त्याची विजार पाहण्याची संधी कुणी सोडू नये.

मग खाणे. घरून आणलेला डबा बाराला उघडावा आणि तेवढ्यात वर्दी यावी, हा योग वारंवार जुळतो; परतायला चार वाजतात, भाकर वाळलेली आणि भाजी आंबलेली असते, आणि कडकडून भूक लागलेला माणूस जे उघडे असेल ते खातो. गुजरातच्या वेशीवरच्या या गावांत उघडे काय असते? सकाळी फाफडा आणि जिलेबी, दुपारी वडापाव किंवा भजी, रात्री शेवभाजी आणि तिच्यावर बोटभर तर्री. आता एक तास आगीशी झुंजणे म्हणजे केवढे तरी श्रम, असे वाटते. आणि ते आहेतही. पण सत्तर किलोंच्या माणसाचा त्या तासातला ऊर्जेचा व्यय सुमारे साडेपाचशे ते सहाशे कॅलरींच्या आसपास भरतो, म्हणजे दोन वडापावांत तो फिटतो. घाम पुष्कळ गेला म्हणजे चरबी गेली, ही समजूत तर सर्वथा खोटी. गेले ते पाणी आणि मीठ, आणि पहिल्या तांब्याबरोबर वजन परत जागेवर येते.

चहाचा हिशेब वेगळाच करावा लागतो, कारण चहाला आपल्याकडे कुणी खाणे समजत नाही. कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ-दहा ग्रॅम होतात. चोवीस तासांच्या पाळीत सहा कप म्हणजे गोष्ट पन्नास ग्रॅमच्या घरात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले ते असे की वरून घातलेल्या साखरेचा वाटा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, पाच टक्क्यांच्या आत असल्यास उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे नेमके पन्नास ग्रॅम. म्हणजे दिवसभराची साखरेची सारी मुभा टपरीवरच संपली. शिवाय ज्याच्या गोठ्याची आग विझवली, तो शेतकरी पहाटे दोनला, डोळे पुसत, जो चहा पुढे करतो त्यात साखर नेहमीपेक्षा अधिक असते. कारण ती साखर नसते, कृतज्ञता असते. आणि तो पेला परत करणारा मनुष्य मला भेटला तर मी त्याच्याशी फार सलगी करणार नाही.

रात्रीची गोष्ट याहून नाजूक आहे. चोवीस तासांच्या पाळीत झोपण्याची मुभा असते. पण ती झोप एक कान उघडा ठेवून घ्यायची. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांवर एक साधा प्रयोग केला: दोन रात्री चार-चार तासांचीच झोप, आणि नंतर कधी दोन रात्री दहा-दहा तासांची. अपुऱ्या झोपेनंतर तृप्तीचा निरोप देणारे लेप्टिन हे संप्रेरक अठरा टक्क्यांनी घटलेले आणि भुकेचा निरोप देणारे घ्रेलिन अठ्ठावीस टक्क्यांनी वाढलेले आढळले. आणि त्या तरुणांची वासना विशेषेकरून गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांकडे वळली. पाळी संपवून सकाळी घरी निघालेल्या अग्निशामकाचे पाय जिलेबीच्या कढईपाशी का थबकतात, याचे उत्तर त्याच्या संयमाच्या अभावात नाही, त्याच्या रक्तात आहे. रात्रभर जागे ठेवून सकाळी त्याला संयमाचा उपदेश करणे हा अन्याय आहे.

येथवर जे वर्णिले ते कमी-अधिक फरकाने रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला किंवा स्टेशन मास्तरालाही लागू पडेल. अग्निशामकाचे निराळेपण पुढे आहे. ज्या देहाला नोकरीने आठ-आठ दिवस बसवून ठेवले, त्याच देहाकडून ती एका मिनिटात मल्लाच्या श्रमांची मागणी करते. अमेरिकेत १९७५ मध्ये अग्निशामकांच्या छातीवर यंत्रे लावून पाहिले गेले, तेव्हा घंटा वाजल्यापासून पंधरा ते तीस सेकंदांत हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी सत्तेचाळीसने वाढल्याचे दिसले. आग अद्याप दृष्टीसही पडलेली नव्हती. नंदुरबारकरांना २९ जानेवारी २०२२ ची सकाळ आठवत असेल. गांधीधाम-पुरी एक्स्प्रेस स्थानकात शिरत असताना तिच्या रसोईयानाने पेट घेतला, डबा वेगळा करण्यात आला, आग विझवण्यात आली, आणि सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अशा वेळी अग्निशामक म्हणजे कुणी क्षणापूर्वी खुर्चीवर बसलेला मनुष्य असतो. आणि त्या खुर्चीपासून त्या पेटत्या डब्यापर्यंतचे अंतर त्याच्या हृदयाला किलोमीटरांत मोजता येत नाही.

अंगावर जाड कोट, विजार, बूट, हेल्मेट, पाठीवर श्वसनसंच असा सरंजाम चढला की वीस किलोंहून अधिक भार होतो. ज्याने पंधरा वर्षांत वीस किलो मेद कमावला त्याने तो सरंजाम एकाऐवजी दोनदा चढवला, असे समजावे. फरक इतकाच की आतला कोट परत आल्यावर उतरवता येत नाही. त्वचेखालचा मेद उष्णता बाहेर पडू देत नाही, वरचा कोटही नाही, आणि दोहोंच्या मध्ये सापडलेले रक्त तापत राहते. पाठीवरच्या सहा लिटरच्या नळकांड्यात तीनशे बारच्या दाबाने सुमारे अठराशे लिटर हवा मावते; मिनिटाला चाळीस लिटर घेणाऱ्याला ती पंचेचाळीस मिनिटे पुरेल; पण जो जिना चढतानाच धापा टाकू लागला आणि ऐंशी लिटर ओढू लागला, त्याच्या वाट्याला बावीस मिनिटेच आली. धूर भरलेल्या गोदामात या दोन आकड्यांमधील फरकाला काय नाव द्यावे, हे त्याच्या कुटुंबाला विचारावे. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एकोणीस अग्निशामकांना कृत्रिम आगीत वीस मिनिटे काम करावयास लावून तपासले, तेव्हा शरीराचे आतले तापमान सुमारे एका अंशाने चढलेले, रक्तवाहिन्यांचे सैलावणे मंदावलेले आणि रक्त गोठण्याकडे अधिक झुकलेले आढळले. आणि ही माणसे निरोगी होती.

याची परिणती काय होते, त्याचा हिशेब अमेरिकेने मांडून ठेवला आहे. तेथे १९९४ ते २००४ या अवधीत, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांतले मृत्यू वगळता, कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या १,१४४ अग्निशामकांपैकी ४४९ जण, म्हणजे शंभरांत एकोणचाळीस, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेले. आणि या मृत्यूंपैकी बत्तीस टक्के प्रत्यक्ष आग विझवताना घडले, जरी त्या कामात वर्षातला एक ते पाच टक्के वेळच जात असला तरी. स्टेफानोस केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे प्रसिद्ध केले. तेथील अग्निशामकांपैकी पाचांत चार जण अतिरिक्त वजनाचे किंवा स्थूल असल्याचे २०११ च्या एका पाहणीत निघाले. हे वजन स्नायूंचे असेल, मेदाचे नव्हे, असे म्हणणाऱ्यांसाठी त्या पाहणीत शरीरातील मेद आणि कंबर वेगवेगळी मोजली गेली, तर स्थूलता कमी होण्याऐवजी वाढलीच. आपण दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो, मुंबईच्या गोदीत १९४४ साली त्या दिवशी ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीच्या स्फोटांत गेलेल्या सहासष्ट अग्निशामकांना मानवंदना देतो. ते योग्यच आहे. पण ज्वाळेने मेलेला हुतात्मा म्हणून ओळखला जातो आणि आगीवरून परतल्यावर पहाटे छातीत कळ येऊन गेलेला केवळ ‘अल्पशा आजाराने’ गेलेला ठरतो, हा भेद काही मला पटत नाही.

आता पुन्हा त्या पन्नास किलोंच्या तरुणाकडे येतो, कारण या विषयातील खरी गोम तेथे आहे आणि ती अमेरिकेच्या आकड्यांत सापडत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली. आपली बालके सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची, पण आपल्या बालकांत उणे होते ते स्नायू आणि अवयवांचे वजन, मेद त्या मानाने फारसा उणा नव्हता. म्हणजे जन्मतःच किडकिडीत आणि त्याच वेळी मेदयुक्त! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने एक छायाचित्र छापले: डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा देहभारांक, म्हणजे उंचीच्या वर्गाने वजनाला भागून येणारा आकडा, नेमका एकच, २२.३, आणि शरीरातील मेदाचे प्रमाण इंग्रज वैद्याचे ९.१ टक्के तर आपल्या वैद्याचे २१.२ टक्के. काट्याने दोघांनाही सडपातळ म्हटले असते.

हे ध्यानी घेतले म्हणजे कुपोषण आणि स्थूलता हे परस्परांचे शत्रू नसून सख्खी भावंडे आहेत, हे कळू लागते. जो गर्भात आणि बालपणी अर्धपोटी राहिला, त्याच्या देहाने टंचाईचा कारभार शिकून घेतलेला असतो: मिळेल ते साठवावे, खर्च कमी करावा. असा मुलगा पाड्यावरून शाळेत, शाळेतून भरतीच्या मैदानावर आणि तेथून पगाराच्या नोकरीत पोहोचतो. डोंगर चढणे थांबते, बाक सुरू होतो. ज्वारी-मक्याची भाकर आणि उडदाची डाळ मागे पडते, तळण पुढे येते. आणि टंचाईत तरबेज झालेला तो देह सुबत्तेतही साठवणच करत राहतो, नेमकी पोटात, आतड्यांच्या अवतीभोवती, जिथला मेद हृदयाला आणि रक्तातील साखरेला सर्वांत अधिक जाचक असतो. म्हणूनच भारतीयांसाठी अतिरिक्त वजनाची रेषा देहभारांक पंचविसावर न धरता तेविसावर आणि स्थूलतेची तिसावर न धरता पंचविसावर धरावी, असे येथील तज्ज्ञांनी ठरवले. आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रीची ८० सेंटिमीटर, यापुढे धोका समजावा असे सांगितले. १६५ सेंटिमीटर उंचीच्या अग्निशामकाला स्थूल ठरण्यासाठी अडुसष्ट किलो पुरतात. अडुसष्ट किलोंच्या माणसाला नंदुरबारात कुणी जाडा म्हणणार नाही.

उपायांच्या बाबतीत मी फार बोलणार नाही, कारण ते सर्वांना पाठ आहेत आणि म्हणूनच कुणी करत नाही. एवढेच नोंदवतो की वजन वाढले म्हणून वेतनवाढ रोखण्याचा किंवा सर्वांसमक्ष काट्यावर उभे करण्याचा मार्ग मला त्याज्य वाटतो. त्याने माणसे बारीक होत नाहीत, रक्तदाबाच्या गोळ्या लपवू लागतात. दम राखून ठेवावा लागतो म्हणून व्यायाम टाळणे हीही फसगत आहे. ज्याच्यापाशी दमाचा साठाच मोठा आहे त्याला सकाळच्या अर्ध्या तासाने काही उणे पडत नाही. अमेरिकेत ११०४ अग्निशामकांना दहा वर्षे नजरेखाली ठेवून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका दमात चाळीसहून अधिक जोर काढू शकणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका दहाहून कमी काढणाऱ्यांपेक्षा शहाण्णव टक्क्यांनी कमी आढळला. त्या दहा वर्षांत हृदयविकाराच्या घटनाच सदतीस घडल्या, तेव्हा टक्केवारी जपून वाचावी हे खरे. आणि त्यांचे जोर ते आपल्या तालमीतले जोर नव्हेत, हेही खरे. पण ज्या खानदेशात गणेशमंडळांच्या नावांत ‘व्यायामशाळा’ हा शब्द अजून शाबूत आहे, तेथे केंद्राच्या आवारात सकाळी गाडी धुण्याआधी अर्धा तास जोर-बैठकांचा मुक्रर करायला कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये. चाळिशी उलटलेल्यांनी मात्र आधी जिल्हा रुग्णालयात रक्तदाब आणि हृदयालेख तपासून घ्यावा. एकदम चाळीस जोर काढायला जाऊन बातमी होऊ नये.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यान्वये इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला आपली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावा लागतो. जिन्यातला पंप वर्षातून दोनदा तपासला जातो. तो पंप अपुरा पडला म्हणजे जो धावत येणार त्याच्या छातीतला पंप तपासण्याची वेळ कोणत्या महिन्यात येते, हे पालिकांच्या आरोग्य सभापतींनी एकदा आपापल्या दप्तरात पाहावे.

त्यांच्यासाठी, आणि मुख्याधिकाऱ्यांसाठीही, एक बिनखर्चाची तजवीज सुचवून थांबतो. गणवेशाचे कापड शिवायला टाकताना शिंपी प्रत्येकाची कंबर मोजतोच. तो आकडा, मॉरिसने केले त्याप्रमाणे, मागील खेपेच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा. फक्त शिंप्याला एक गोष्ट बजावून सांगावी लागेल. पोट वाढत गेले की आपली माणसे पट्टा खाली खाली सरकवत नेतात, आणि विजारीची कंबर वर्षानुवर्षे चौतीस इंचच राहते. टेप पट्ट्याच्या जागी धरू नये; शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, धरावी; आणि आकडा ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर त्या माणसाची रवानगी त्याच दिवशी, रजा न मांडता, तपासणीसाठी करावी.